हापूस हा ‘अल्फान्सो’चा अपभ्रंश नव्हे

रत्नागिरीत आंब्याच्या खोक्यावर ‘अल्फान्सो’ छापतात आणि तोंडाने हापूस म्हणतात. त्यावरून पुष्कळांना वाटतं की मूळ नाव इंग्रजी, आणि कोकणी माणसाला ते नीट म्हणता आलं नाही म्हणून त्याचा हापूस झाला. शिकलेली माणसंही हे सांगतात, याचं वाईट वाटतं, कारण खरा प्रकार उलटा आहे.

मूळ नाव पोर्तुगीज, आफोंसो. त्यात ‘ल’ नाही, आणि शेवटचा ‘ओ’ पोर्तुगीज माणूस ‘उ’सारखा उच्चारतो. आफोंसुचा गोव्यात आफूस झाला, आपल्याकडे आरंभी ‘ह’ लागून हापूस. इंग्रजीने मात्र लॅटिन वळणाचा ‘ल’ घातला. तेव्हा मूळ उच्चाराला हापूसच जवळचा. आणि ‘मँगो’ तरी इंग्रजांचा कुठे? मलबार किनाऱ्यावरचा शब्द पोर्तुगीजांनी ‘मांगा’ म्हणून उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला.

हा आफोंसो म्हणजे आफोंसो द अल्बुकर्क, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्यानेच हापूसची कलमं बांधली, असंही सांगतात. ते मात्र पटण्यासारखं नाही. त्याने गोवा घेतला 1510 मध्ये आणि तो वारला 1515 मध्ये. त्यातला बराच काळ लढायांत गेला. गोव्यातल्या कलमांचं श्रेय ज्यांना देतात ते जेझुइट पाद्री तिथे आले 1542 मध्ये. आंब्याला माणसाचं नाव देण्याची रीत पोर्तुगीजांत होतीच, ‘फर्नांदिन’ त्यातलाच. मानकुराद आंब्याचं नावही पोर्तुगीज, पण ते रंगावरून पडलं: ‘मालकोरादा’, म्हणजे नीट रंग न चढलेली.

पोर्तुगीजांनी आंबा आणला, हेही खरं नाही. काजू, अननस, पपई त्यांनी आणली; आंबा इथलाच. त्यांचं नाव जोडलं जातं ते कलमांशी. बाठा रुजवून आलेलं झाड मूळ झाडासारखंच फळ देईल याचा भरवसा नसतो, म्हणून रायवळीत झाडागणिक चव बदलते. निवडलेल्या झाडाचा गुण टिकवायचा तर कलमच हवं, आणि आजच्या बागांमधला हापूस कलमांवरच उभा आहे.

देवगड आणि रत्नागिरी या दोन जाती नाहीत. जात एकच, फरक पडतो तो जमिनीचा, हवेचा आणि निगराणीचा. 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकनही एकाच नावाने आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचही जिल्ह्यांसाठी. परराज्यातला आंबा पेटीत भरून ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकणारा ग्राहकाला तर फसवतोच, इथल्या बागायतदाराचा कायदेशीर हक्कही हिरावतो.