अंगणातली सदाफुली आणि पेशींचे विभाजन

गोंदिया जिल्ह्यात आमगावकडे जा की अर्जुनी मोरगावकडे, गावातल्या एखाद्या तरी अंगणात सदाफुली दिसतेच. शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, पाणी कमी पडले तरी ती तग धरते. ‘मधुमेहावर रोज दोन पाने चावावीत’ असे सांगणाराही शेजारात कोणीतरी असतो. त्यात आता ‘कॅन्सरवरही चालते’ अशी भर पडली आहे. या दुसऱ्या सांगण्यात एक धागा खरा आहे, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे.

गंमत अशी, की तो धागा मधुमेहाच्या समजुतीतूनच हाती लागला. जमैकात लोक या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली तिथली पाने कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली आणि त्यांनी ती वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली. उंदरांना अर्क पाजला. रक्तातली साखर हलली नाही. मग टोचून दिला. साखर तरीही तेवढीच, पण उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. प्रयोग फसला म्हणून वही मिटता आली असती. नोबल यांनी मात्र उंदीर कशाने मेले याचा शोध घेतला. पाहतात तो रक्तातल्या पांढऱ्या पेशी अतिशय घटलेल्या आणि अस्थिमज्जा ओस पडलेली! मग ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगात हे द्रव्य उपयोगी पडेल का? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी ते वेगळे काढले आणि १९५८ मध्ये ‘व्हिन्ब्लास्टिन’ जाहीर झाले. अमेरिकेत एली लिली कंपनीही याच वनस्पतीवर स्वतंत्रपणे काम करत होती. तिथून व्हिन्क्रिस्टिन आले. त्याला १९६३ मध्ये परवाना मिळाला.

ही द्रव्ये करतात काय? कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला जड नाही. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येतात आणि तर्कूचे धागे त्यांना दोन टोकांकडे ओढतात. हे धागे म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाच्या कणांनी रचलेल्या अतिसूक्ष्म नळ्या. त्या सतत जोडल्या जातात, सुटतात, पुन्हा जोडल्या जातात. सदाफुलीतले द्रव्य ट्युब्युलिनला चिकटते, मग नळ्या नीट रचल्याच जात नाहीत. गुणसूत्रे मध्यावर अडकून राहतात. पेशी बराच काळ तशीच खोळंबते आणि बहुधा मरते.

पण औषधाला कर्करोगाची पेशी ओळखता येत नाही. जी पेशी विभागत असेल ती त्याच्या तावडीत सापडते. केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा यांनाही म्हणून झळ लागते. चेतातंतूंत तर याच नळ्यांवरून मालाची ने-आण चालते. व्हिन्क्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होते ते त्यामुळे. या दोन भावंडांच्या रेणूंत फरक एवढाच, की एकात जिथे मिथिल गट आहे तिथे दुसऱ्यात फॉर्मिल आहे. तेवढ्याने व्हिन्ब्लास्टिन अधिककरून अस्थिमज्जेला जाचते आणि व्हिन्क्रिस्टिन चेतातंतूंना.

मात्रेकडे पाहा. व्हिन्क्रिस्टिन मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, आणि तेही फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर ते जीव घेते. पानात शंभराहून अधिक अल्कलॉइडे आहेत. चावलेल्या दोन पानांतून कोणते किती पोटात गेले, कोण मोजणार?

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने गाठीच्या पेशी मेल्या’ अशी बातमी आली, की मला आपल्या नागझिरा-नवेगावच्या रानात पावसाळ्यात फुलणारी कळलावी आठवते. तिच्यातले कोल्चिसिनही ट्युब्युलिनलाच धरते आणि काचेच्या बशीत गाठीच्या पेशी हमखास रोखते. पण माणसात उपयोगाची मात्रा आणि मरणाची मात्रा इतक्या जवळ आहेत, की ते कर्करोगावरचे औषध होऊ शकले नाही. संधिवाताच्या एका प्रकारात ते अगदी थोडे देतात. कंद खाऊन मात्र माणसे दगावतात. बशीत पेशी काय, तेजाबानेही मरतात!

व्हिन्क्रिस्टिनही एकट्याने फार काही साधत नाही. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात ते इतर औषधांच्या जोडीने देतात. अशा उपचाराने विकसित देशांत आज दहातली जवळजवळ नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे मूल फिके पडते, ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उठतात आणि घरात आधी पाल्याचा रस सुरू होतो. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय गोंदियाहून रेल्वेने काही तासांवर आहे. पण या रोगात आठवडे महत्त्वाचे असतात.

राहिला प्रश्न पानांचा. एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. सदाफुली निदान शेतात लावता येते. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे दुसरे कर्करोगविरोधी द्रव्य असल्याचे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले, आणि पुढे निर्यातीसाठी रानातली झाडेच्या झाडे तोडली गेली. सदाफुलीच्या बाबतीत २०२२ मध्ये वेगळा मार्ग दिसला: व्हिन्ब्लास्टिनचे दोन अर्धे भाग, कॅथरँथिन आणि व्हिन्डोलिन, जनुके बदललेल्या यीस्टकडून तयार करून घेतले गेले आणि प्रयोगशाळेत जोडले गेले.