टायर म्हणजे काय?

मुंबई-गोवा रस्त्यावर आपल्या पालीच्या नाक्यावर घटकाभर उभे राहा. 'टायर बसला', 'मागचा टायर गेला', असे काहीतरी कानावर पडेलच. शब्द इंग्रजी, पण आता तो आपलाच झाला आहे.

मात्र टायर म्हणजे सगळे चाक नव्हे, बरे का! मधला लोखंडी भाग तो रिम. आत हवा धरते ती ट्यूब. आणि रस्त्याला टेकतो तो टायर. आता पुष्कळ गाड्यांना ट्यूबच नसते. तिथे रिम आणि टायर मिळून हवा धरतात.

हा शब्द रबरी टायरापेक्षा जुना आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी असते. तिला आपण धाव म्हणतो. लोहार धाव विस्तवात तापवतो, गरम असतानाच चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. थंड होताना धाव आवळते. मग आरे, तुंबा सगळे घट्ट बसते. इंग्रज लोक या धावेलाच टायर म्हणत. पोशाख या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले, असे जाणकार मानतात. चाकाचा पोशाख! नाव मोठे झकास आहे.

पुढे १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट येथे डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेले रबर बसवले. नाव तेच राहिले, लोखंड गेले.

जुन्या टायरच्या चपला होतात. बंदरात होड्यांच्या कडेला टायर टांगतात, म्हणजे धक्का लागत नाही. पण अंगणात टाकलेल्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचते आणि डास होतात. तो झाकून ठेवावा.

आता कामाची गोष्ट. टायरवर खाचा असतात, त्या शोभेच्या नव्हेत. रस्त्यावरचे पाणी त्यांतून बाहेर जाते. टायर झिजून गोटा झाला, की पाणी चाकाखाली अडकते. मग पावसात आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला तरी गाडी घसरते. खाचेच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की बदलायचा. मोटारीच्या टायरची खाच तेव्हा जेमतेम १.६ मिलिमीटर उरलेली असते.

टायर किती जुना, हेही त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आकडे इंग्रजी असतात. पण मोबाईलवरचे आकडे ओळखणाऱ्याला तेही वाचता येतील. दुकानदार 'नवाकोरा आहे' म्हणाला, तरी आपण वाचून बघावे. पुष्कळदा हे आकडे एकाच बाजूला असतात. दिसले नाहीत, तर टायर उलटा करायला सांगावे.