पावणेचार फेऱ्यांचं गणित

पॅरिस २०२४. पॅरालिम्पिकमधली महिलांची १५०० मीटरची टी-२० शर्यत पोलंडच्या बार्बरा बिएगानोव्स्का-झायांट्स हिने जिंकली. लंडन, रिओ, टोकियोनंतरचं हे सलग चौथं सुवर्ण, तेही चाळिशी ओलांडल्यावर. टी-२० हा बौद्धिक दिव्यांग धावपटूंचा गट.

बार्बराचं पहिलं सुवर्ण मात्र सिडनीचं, २०००मधल्या ८०० मीटरचं. मग मधली १२ वर्षं कुठे गेली? सिडनीत बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेन जिंकला आणि पुढे उघड झालं, की १२ पैकी १० खेळाडू दिव्यांग नव्हतेच. शिक्षा भोगली सगळ्यांनी. या गटाची पदकं २०१२पर्यंत बंद राहिली आणि निर्दोष खेळाडूंची उमेदीची वर्षं वाया गेली. तो उघड अन्याय होता.

आता तपासणी कडक आहे. बुद्ध्यांक ७५पर्यंत, रोजच्या व्यवहारात अडचणी आणि त्या वाढीच्या वयातच सुरू झालेल्या, हे सिद्ध करावं लागतं. दिव्यांगत्वाचा खेळावर होणारा परिणामही तपासतात. १५०० मीटर म्हणजे ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या. दम किती राखायचा, घोळक्यातून कधी निसटायचं, हा हिशेब पळता पळताच करायचा असतो. ठरलेला वेग सांभाळणं या धावपटूंना जास्त अवघड जातं, असं संशोधन सांगतं. तरीही ब्रिटनच्या बेन सँडिलँड्सने पॅरिसमध्ये याच अंतराचा ३ मिनिटं ४५.४० सेकंदांचा, या गटातला विश्वविक्रम केला.

आपल्याकडची या गटातली मोठी धावपटू तेलंगणाची दीप्ती जीवनजी. वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावात तिने खूप टोमणे ऐकले. प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी तिला घडवलं. २०२४मध्ये तिने जपानमधल्या कोबेत ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत पळून तेव्हाचा विश्वविक्रम केला; पॅरिसमध्ये ५५.८२ सेकंदांत ब्राँझ मिळवलं. पोटासाठी विकलेली जमीन तिच्या बक्षिसाच्या पैशांतून घरच्यांनी परत घेतली.

दीप्तीसारखी मुलं बुलढाणा जिल्ह्यातही घडू शकतील; इथे धावणाऱ्यांची कमतरता नाही. मेहकर, चिखली, मोताळा, कुठेही जा, पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरचा आणि पोरी ८०० मीटरचा सराव करताना दिसतील. मध्यम पल्ल्याचीच ही अंतरं. त्यांच्यासोबत एखाद्या बौद्धिक दिव्यांग मुलालाही पळता येईल. सुरुवातीला वेग सांगणारा जोडीदार तेवढा हवा. पालकांनी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं, क्रीडाशिक्षकांनी या मुलांच्या वेळा घड्याळ लावून नोंदवाव्यात आणि भरतीच्या पोरांनी त्यांना आपल्यात घ्यावं.