गरोदरपणातली गाठ: घाबरू नका, लपवूही नका

काही वर्षांपूर्वी बहिणीकडे गेले होते. तिची मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुपारी सगळे जरा पडले असताना ती हळूच माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘‘खाला, एक सांगू? अम्मीला सांगू नका.’’ मग छातीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘इथं काहीतरी लागतंय.’’ पंधरा दिवस तिनं ही गोष्ट पोटात ठेवली होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, दर महिन्याला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही नाही.

तिची समजूत घालून मी बहिणीला सांगितलं. आमच्या आईनं, म्हणजे तिच्या नानीनं, लगेच निकाल दिला, ‘‘दुधाची गाठ असेल. बाळ प्यायला लागलं की जाईल.’’

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारी बाई आहे. आईच्या दुधावर आपण कवींनी किती लिहिलं! पण त्याच अवयवाचं नाव घरात घ्यायची वेळ आली की आपण ‘इथं’ म्हणून बोट दाखवतो. म्हणून त्या दिवसांत डॉक्टरांना जे विचारलं आणि पुढे जे वाचलं, ते आज स्पष्ट शब्दांत सांगते.

दिवस गेले की पहिल्या काही आठवड्यांतच शरीर दुधाच्या तयारीला लागतं. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन या संप्रेरकांमुळे स्तनांतल्या दुधाच्या ग्रंथी आणि नलिका वाढतात, रक्तपुरवठा वाढतो. स्तन जड होतात, हाताला गाठीगाठीचे लागतात. हे सारं नैसर्गिक आहे. याच काळात काही साध्या गाठीही दिसू लागतात.

सगळ्यात जास्त आढळते ती फायब्रोॲडिनोमा. रबरासारखी, गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी. बऱ्याचदा ती आधीपासूनच असते. संप्रेरकांमुळे मोठी होते आणि मग हाताला लागते. कधी ती दुखतेही. दुसरी लॅक्टेटिंग ॲडिनोमा, म्हणजे दुधाच्या ग्रंथींचीच वाढ. ती शेवटच्या तीन महिन्यांत किंवा अंगावर पाजताना दिसते आणि बहुतेक वेळा दूध तोडल्यावर आपोआप लहान होते. तिसरी गॅलॅक्टोसील, आपल्या बायका म्हणतात ती खरीखुरी दुधाची गाठ. नलिका तुंबते आणि दूध साचून राहतं. सुईनं ते ओढून काढलं की निदानही होतं आणि पुष्कळदा गाठही बसते. शिवाय पाण्याच्या गाठी असतात, आणि जंतुसंसर्गानं झालेली सूजही असते. या काळात ज्या गाठींचा तुकडा काढून तपासतात, त्यांतल्या दहापैकी सुमारे आठ साध्या निघतात.

मग काळजी कशाची? काळजी उरलेल्यांची. गरोदरपणात स्तनाचा कर्करोग क्वचितच होतो. साधारण तीन हजार गरोदर स्त्रियांमागे एखादीला. पण झाला तर तो उशिरा कळतो. स्तन भरलेले असल्यामुळे गाठ चटकन सापडत नाही, आणि सापडली तरी ‘गरोदरपणामुळेच असेल’ म्हणून घरातली माणसं, कधीकधी डॉक्टरही, थांबून राहतात. नानीचा अंदाज दहातल्या आठ वेळा खरा ठरेल. आपली गाठ त्या आठांतली की दोनांतली, हे मात्र हात लावून घरी कळत नाही.

तपासणीनं पोटातल्या बाळाला इजा होईल, ही भीती अनेकींना थांबवते. पहिली तपासणी असते सोनोग्राफीची. तिच्यात ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नसतात. शंका वाटली तर तेवढीच जागा बधिर करून सुईनं छोटा तुकडा काढतात; तेही गरोदरपणात करता येतं. मात्र ती स्त्री गरोदर आहे हे प्रयोगशाळेला कळवायलाच हवं, कारण या दिवसांत साध्या पेशीही वेगळ्या दिसतात. मॅमोग्राफी लागलीच तर पोट झाकून करतात आणि बाळापर्यंत अगदी नगण्य किरण पोचतात. समजा कर्करोग निघाला, तरी गरोदरपणात शस्त्रक्रिया करता येते, पहिले तीन महिने उलटल्यावर काही औषधंही देता येतात. बहुतेक वेळा त्यासाठी गर्भ पाडावा लागत नाही.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. दोन आठवड्यांत न गेलेली गाठ डॉक्टरांना दाखवावी. गाठ कडक असेल, जागची हलत नसेल, त्वचा खळीसारखी ओढली जात असेल किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, बोंड आत वळलं असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. लाली, ताप, ठणका असेल तर लगेच जावं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दूध पाजणं बंद करू नये. गाठ जोरानं चोळू नये. सरकारी आरोग्य केंद्रांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथंही हे निःसंकोच सांगता येतं.

आमच्या मुलीची गाठ फायब्रोॲडिनोमा निघाली. नानीचं ‘काही नाही’ खरं ठरलं, ‘दुधाची’ मात्र खोटं. बाळ झालं, तिनं ते व्यवस्थित पाजलं, आणि दूध तोडल्यावर पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा गाठ लहान झाली होती. पण त्या पंधरा दिवसांत रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, असं ती मला नंतर म्हणाली. म्हणून घरातल्या मोठ्या बायकांना माझी विनंती आहे. लेकीला, सुनेला डोहाळे विचारता, तसं हेही एकदा विचारा. आणि तपासणीला बरोबर गेलात, तर डॉक्टरांना सांगा, ‘‘पोट तपासलंत, आता छातीही तपासा.’’