बोटीच्या तासांचा हिशेब

रत्नागिरी-मालवणकडे १ जूनला मासेमारी बंद होते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि ३१ जुलैपर्यंत फळ्या बदलणं, इंजिन उघडणं, रंग देणं चालतं. पाऊस हाच तिथला दुरुस्तीचा हंगाम. चंद्रपूर-गडचिरोलीत गणित नेमकं उलटं. इथे बचावाच्या बोटीचं खरं काम पावसाबरोबरच सुरू होतं, म्हणून तिची दुरुस्ती मे महिन्यातच संपायला हवी.

वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला भेटते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटा फुगली की तालुक्याचा संपर्क तुटतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं वेढली, तेव्हा लोकांना बोटींतूनच बाहेर काढावं लागलं. अशा वेळी बोट आहे की नाही यापेक्षा तिचं इंजिन सुरू होतं की नाही, हा प्रश्न मोठा असतो.

रबरी बोटीच्या मागे जे इंजिन लावतात त्याला सगळे ओबीएम म्हणतात. ते नदीचंच पाणी ओढून थंड राहतं. पाणी ओढणारा इम्पेलर रबराचा, तळहातावर मावेल एवढा. पुराच्या पाण्यात गाळ आणि रेती असते. ती या रबराच्या पाती झिजवते. इंजिन चालू असताना बाजूने पाण्याची एक धार पडत असते. ती धार मंदावली की इम्पेलर तपासायचा. दुर्लक्ष केलं तर इंजिन तापून जाम होतं, तेही भर प्रवाहात. गिअरच्या तेलाचंही तसंच: ते दुधट दिसलं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं, असं समजावं. हे तेल साधारण दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचं असतं. पण इंजिन किती तास चाललं हे लिहिलेलंच नसेल, तर शंभर तास भरले कधी हे सांगणार कोण?

हा हिशेब आपोआप ठेवता येतो. स्वयंचलन म्हटलं की डोळ्यांपुढे यंत्रमानव येतो. इथे लागतं ते फार साधं. प्रत्येक बोटीला, प्रत्येक इंजिनाला एक क्रमांक. काम संपलं की चालकाने मोबाइलवर दोन आकडे भरायचे, सुरू केल्याची वेळ आणि बंद केल्याची. रेंज नसेल तर फोनमध्ये साठवायचे, रेंज मिळाली की ते पुढे जातील. बेरीज संगणक करील आणि ९० तास झाले की मेकॅनिकला, भांडाराला संदेश पाठवील. भांडारातून इम्पेलर, स्पार्क प्लग किंवा इंधनाची नळी बाहेर गेली की साठा आपोआप कमी दिसेल. ठरलेल्या मर्यादेखाली आला की मागणीपत्र तयार.

ही मर्यादा ठरवण्यातच खरी मेख आहे. नेहमीचा नियम असा: माल यायला जेवढे दिवस लागतात तेवढ्या दिवसांचा खप, अधिक थोडी शिल्लक. गडचिरोलीहून भामरागड सुमारे १८० किलोमीटर, सिरोंचा त्याहून लांब. उन्हाळ्यात नागपूरहून सुटा भाग लवकर पोचेल. जुलैत रस्ता पाण्याखाली गेला तर किती दिवस लागतील, हे पूरच ठरवणार. म्हणजे एकच मर्यादा बारा महिने चालणार नाही. भामरागडची जूनमधली मर्यादा जानेवारीपेक्षा कितीतरी वर हवी आणि ती तालुक्यागणिक वेगळी हवी. शहरासाठी बनवलेली तयार प्रणाली जशीच्या तशी इथे बसवली, तर ती ऐन पुरात तोंडघशी पाडील.

वेळापत्रकही उलटं मोजावं लागतं. १ जून ही तारीख धरून मागे यायचं. रबरी बोटीचं ठिगळ दमट हवेत नीट धरत नाही, त्यामुळे ते काम कोरड्या मे महिन्यातच उरकायचं. ठिगळाच्या डिंकाला आणि फायबरच्या रेझिनला वापराची मुदत असते. मुदत संपलेला डबा कपाटात असणं म्हणजे डबा नसणंच. एप्रिलमध्ये हवा भरून गळती तपासली, तरच मागणीला पुरेसे दिवस मिळतात. हा सगळा क्रम संगणक मांडून देईल. पण फुगवलेल्या बोटीवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे शोधायला माणूसच लागतो आणि त्या माणसाचं नाव प्रत्येक नोंदीपुढे असायला हवं.

क्रमांक दिलेल्या बोटींच्या यादीत गावचे डोंगेही यायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या सहा महिला बुडाल्या. तेव्हा पाऊस नव्हता, पूर नव्हता. रोजच्या मजुरीची वाट होती. मान्सूनपूर्व तपासणीच्या तारखा अशा वाटेला पुरत नाहीत. ग्रामपंचायतीने आपल्या घाटावरच्या प्रत्येक डोंग्याला क्रमांक द्यावा, किती माणसं बसवायची ते त्यावर रंगवावं, लाइफ जॅकेट मोजावीत आणि तपासणीची पुढची तारीख नावाड्याच्या फोनवर जाईल अशी सोय करावी. मिरचीची तोडणी हिवाळ्यातच पुन्हा सुरू होईल. पहिली तपासणी त्याआधी व्हावी.