संगणकशास्त्र आणि गावच्या पाण्याचा ताळेबंद

विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली बिनचूक चालली म्हणजे त्याला संगणकशास्त्र आले, असा समज दीर्घकाळ रूढ आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत तीच ती उदाहरणे वर्षानुवर्षे उतरविली जातात, ती त्यामुळेच. प्रकल्पाधारित अध्यापनात हा क्रम उलटा असतो. आधी प्रश्न हाती घ्यावयाचा आणि तो सोडविताना लागेल ते शास्त्र शिकावयाचे.

वाशीम जिल्ह्यात असा प्रश्न शोधावा लागत नाही. पैनगंगेच्या या परिसरातील सोयाबीन-तुरीची शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. त्या प्रकल्पासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडणारी संगणकीय पद्धती तयार केली. पडलेल्या पावसापैकी किती वाहून गेला, किती ओलाव्याच्या रूपाने मातीत राहिला, पिकांनी किती घेतला व भूगर्भात किती मुरला, याचा तो हिशेब होय.

हाच हिशेब एका गावापुरता मांडणे पदवीच्या विद्यार्थ्यांना अशक्य नाही. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. येथवर गणित सोपे आहे. खरी अडचण नोंदींची. पर्जन्यनोंदीत एखाद्या दिवसाची जागा कोरी असेल, तर पाऊस पडला नाही असे समजावयाचे की तो मोजलाच गेला नाही असे? आज्ञावलीने कोऱ्या जागेला शून्य मानले, तर श्रावणातील एखादी मोठी सर हिशेबातून नाहीशी होते आणि संगणक चूक म्हणून काहीच दाखवीत नाही. मग शेजारच्या महसूल मंडळाची नोंद ताडून पाहावी लागते, विहिरीच्या पातळीची चौकशी करावी लागते. हिशेब फसला तर हरभऱ्याला एखादे पाणी देता येईल की नाही, हा अंदाजही फसतो.

या पद्धतीत गुणदान कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. एकाने राबावे आणि चौघांनी गुण घ्यावेत, हा प्रकार काही नवा नाही. त्यावर उपाय म्हणजे तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सहकाऱ्याने लिहिलेला भाग समजावून सांगावयास लावणे. प्राध्यापकांपाशीही तयार उत्तर नसते. अनेकांना अवघड वाटते ते हेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पासाठी श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. सत्राच्या आरंभीच गट ठरले, तर रब्बीच्या पेरणीपूर्वी ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवता येईल. तेथे एखाद्या शेतकऱ्याने आकडा नाकारला, तर आज्ञावली पुन्हा उघडून पाहावी लागेल.