म्हशीची गर्भतपासणी : तिसाव्या दिवशी मिळणारे उत्तर

म्हशीस रेतन करून तीन आठवडे लोटले आणि ती पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे ती फळली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. गायीच्या बाबतीत हा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो. म्हशीच्या बाबतीत तो फसवा आहे. गायीप्रमाणे म्हैस दुसऱ्या जनावरावर क्वचितच चढते. तिचा माज बहुधा मुका असतो, तो रात्री येतो आणि पहाटे धार काढावयास माणूस गोठ्यात येईपर्यंत ओसरूनही जातो. मालक निश्चिंत राहतो आणि रिकामी म्हैस गाभण म्हणून दावणीला पोसली जाते.

यात किती नुकसान होते, ते हिशेबानेच पाहावे. समजा, एका म्हशीस १ ऑक्टोबर रोजी रेतन केले व ते लागले नाही. पुढचा माज २२ ऑक्टोबरच्या सुमारास मुका गेला. मालकास संशय आला तो मार्चमध्ये, पोट दिसेना तेव्हा. पशुवैद्यकाने तपासून म्हैस रिकामी असल्याचे सांगितले. परंतु तोपर्यंत उन्हाळा लागलेला असतो आणि उन्हात म्हशीचा माज आणखीच मंदावतो. पावसाळा सरून पुढील ऑक्टोबर उजाडेपर्यंत बहुधा थांबावे लागते. तीच म्हैस ३१ ऑक्टोबर रोजी, म्हणजे तिसाव्या दिवशी, रिकामी असल्याचे कळले असते, तर १२ नोव्हेंबरच्या सुमारास येणाऱ्या माजावर डोळा ठेवता आला असता. त्या वेळी ती फळती, तर ३१० दिवसांच्या हिशेबाने पुढील सप्टेंबरच्या मध्यास व्याली असती. या दोन तारखांत साडेदहा महिन्यांहून अधिक अंतर पडते. तेवढे महिने कडबा आणि पेंड चालूच राहते. दूध मात्र नाही.

हाताने गर्भ तपासण्याची पद्धत जुनी व विश्वासाची आहे. निष्णात हातास दीड महिन्याचा गर्भही कळतो. तथापि खात्रीने सांगावयास दोन महिने जाऊ द्यावे लागतात. अल्ट्रासाऊंड यंत्राने, ज्यास लोक सोनोग्राफी म्हणतात, हेच उत्तर सुमारे २८ ते ३० दिवसांत मिळते. या यंत्रास पशुवैद्यकांकडून मागणी वाढत आहे, त्याचे मुख्य कारण हे वाचलेले दिवस होत.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. गुदाशयातून तपासणी करताना वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला ५० ते ७५ लाख कंपनांचा असतो. तो शरीरात शिरतो, निरनिराळ्या भागांवर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटते. पाणी काळे दिसते, हाड पांढरे. महिन्याभराच्या गर्भाशयात काळ्या पाण्यात तरंगणारा लहानसा करडा ठिपका आणि त्यात लुकलुकणारे हृदय दिसले, की गर्भ जिवंत आहे हे मालकासही डोळ्यांनी पाहता येते. यात क्षकिरण नसतात.

या विद्येचा उगम मोठा मौजेचा आहे. साखर कारखान्यातील बॉयलर ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे विशेष वाटेल. १९५५ साली ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात नेल्या आणि धातूतील भेगा शोधण्याच्या यंत्राखाली धरून पाहिल्या. त्यांचा शोधनिबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. घोडीच्या गर्भतपासणीसाठी पडद्यावरील हलत्या चित्राचा उपयोग फ्रान्समध्ये १९८० साली नोंदविला गेला. कालवडींवरील सविस्तर अभ्यास १९८४ सालचा आहे.

गर्भ आहे की नाही, एवढेच पाहून हे यंत्र थांबत नाही. गर्भाशयात पू साठला असता म्हैस माजावर येत नाही व गाभण असल्याचा भास होतो. पडद्यावर पू आणि गर्भाचे पाणी यांतील भेद ओळखता येतो. अंडाशयावरील गाठही दिसते. याहून महत्त्वाची एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावी. माजावर न येणाऱ्या जनावरास माज आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात. जनावर खरोखर गाभण असेल, तर त्याच इंजेक्शनाने गर्भ पडतो. तपासणीवाचून हे इंजेक्शन कोणी देऊ लागला, तर शेतकऱ्याने त्याचा हात धरावा.

यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिसाव्या दिवशी दिसलेला प्रत्येक गर्भ टिकतोच असे नाही. दुसऱ्या महिन्यात काही गर्भ जिरून जातात. यास्तव साठ दिवसांच्या सुमारास पुन्हा तपासणी करावी. ती हाताने केली तरी चालते. चित्र वाचणारा नवशिका असेल, तर महागडे यंत्रही चुकीचे उत्तर देते.

पूर्वी ही यंत्रे पशुवैद्यक महाविद्यालयांच्या चार भिंतींत असत. आता विजेरीवर चालणारी, खांद्याला अडकविता येणारी यंत्रे निघाल्याने ती गोठ्यापर्यंत पोहोचली आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ अभियानात उत्तम गायी-म्हशींची स्त्रीबीजे काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या कामास चालना मिळाली. स्त्रीबीज काढण्याची सुई याच चित्राच्या आधारे चालवावी लागते, म्हणून तेथूनही मागणी आली. एकट्या शेतकऱ्याने यंत्र घेण्याचा विचारही करू नये. दूध संघाने एक यंत्र व एक प्रशिक्षित पशुवैद्यक ठेवून गावांचे वार लावून द्यावेत, हे परवडणारे आहे.

परंतु वाराच्या दिवशी कोणते जनावर खोड्यात उभे करावयाचे? येथे गावपातळीवरील कार्यकर्त्याची वही कामास येते. कानातील बिल्ल्याचा क्रमांक, रेतनाची तारीख आणि तिसावा दिवस असे तीन रकाने पुरेत. तारीखच माहीत नसेल, तर वीस दिवसांच्या जनावरास रिकामे ठरविण्याची चूक घडते. दर जनावरामागे हातमोजा बदलला जातो व प्रोब स्वच्छ केला जातो, याकडेही कार्यकर्त्याने लक्ष द्यावे. रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाण्यास एवढी वाट पुरते.

कायद्याविषयी दोन शब्द. मानवी गर्भाचे लिंग तपासणे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि त्या कायद्याने यंत्रांच्या विक्रीवर व नोंदीवर कडक निर्बंध घातले आहेत. म्हणून जनावरांसाठी यंत्र घेण्यापूर्वी संघाने जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे नियमांची लेखी विचारणा करावी आणि यंत्र पशुवैद्यकाच्याच ताब्यात ठेवावे.

उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्यांसही या यंत्राचा लाभ आहे. शेळीच्या पोटावरून, कासेजवळील केस काढून व जेल लावून, सुमारे चाळीस दिवसांनंतर गर्भ पाहता येतो. दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान करडे एक की दोन, हेही बहुधा कळते. जुळी असलेल्या शेळीस शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवून देता येतो. तपासणीच्या आदल्या रात्री शेळीस चारा घालू नये. भरलेल्या पोटाआड गर्भ नीट दिसत नाही.